आकडा

उदगीरच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत
मी परिचर. एकोणीस वर्षं.
काचपट्ट्या धुणं, स्पिरिटची बाटली कुलपात ठेवणं,
आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री
काळ्या कागदावर धिंगरीची छत्री ठेवून
वर काचेचा पेला पालथा घालणं.
सकाळी पेला उचलला की खाली पांढरी रेघारेघांची रांगोळी,
कुणीच न काढलेली.

"यातला एकेक कण अर्धा आहे, हावगीराव,"
कमर मॅडम म्हणायच्या.
"जगेल, वाढेल. पण एकट्यानं छत्री धरणार नाही."

भिजवलेल्या गुळीत तो रुजतो.
एक धागा, सुईलाही सापडणार नाही इतका बारीक,
सोयाबीन खात पुढं सरकतो.
वाटेत दुसरा भेटतो.
नर नाही, मादी नाही.
अंगात दोन ठिकाणी खुणा असतात
आणि दोन्ही ठिकाणी वेगळेपण लागतं.
परका असला तर बहुतेक कुणीही चालतो.
अडतं ते घरातच:
एका छत्रीखालची भावंडं चारातून एकदा जुळतात.

आमच्या आईनं मामाची मुलगी सोडून
दुसरं स्थळच बघितलं नव्हतं.
महानंदा माझ्या मामाची.

तर, जुळलं की भिंत विरते.
पेशीतलं पाणी पेशीत ओततं.
आणि इथंच पोरं चुकतात, आकृतीत घाई करतात:
केंद्रकं एक होत नाहीत.
एका खोलीत दोन, शेजारी शेजारी,
मधे जराशी जागा सोडून,
आठवडेच्या आठवडे.
गुळीच्या पिशवीतलं अख्खं पांढरं गाव असंच राहतं.

महानंदा दवाखान्यात नर्स, कायम रात्रपाळी.
मी निघतो तेव्हा ती यायची असते,
मी येतो तेव्हा ती गेलेली.
किल्ली मीटरच्या पेटीमागं, आकड्याला.

पेशीलाही आकडा असतो.
तारेवर टाकून फुकट वीज घेतात तसला नाही,
पण वाकडा तसाच.
खोली वाढवायची वेळ आली
की दोन्ही केंद्रकं दुभंगतात, दोनाची चार,
आणि दोन्ही खोल्यांत दोघांचं एकेक पोचलं पाहिजे.
मग कडेला एक आकडा फुटतो, मागं वळतो,
एकाला पोटात घेतो,
आडभिंती पडेपर्यंत धरून ठेवतो
आणि मागच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून
आत सोडतो.
दर खोलीला हा खटाटोप.
कुणी एकटं राहू नये म्हणून,
आणि कुणी मिसळूही नये.

मिसळतात ती अगदी शेवटी.
छत्रीखाली, पात्यांच्या कडेला, गदेसारख्या पेशीत,
पहिल्यांदाच दोन्हीचं एक.
काही तास.
लगेच फाटाफूट: गुणसूत्रं पत्त्यांसारखी पिसली जातात,
चार वाटे, चार शिंगं, शिंगांच्या टोकांवर चार कण.
प्रत्येक पुन्हा अर्धा,
पण जशाचा तसा कुणावरच गेलेला नाही.
कणाच्या बुडाशी पाण्याचा थेंब फुगतो,
त्याच्याच अंगावरच्या ओलीला भिडतो,
आणि त्या धक्क्यानं कण सुटतो.
उडी केसाच्या जाडीएवढी. पुढं नुसतं पडणं.

परवा महानंदा ड्यूटीला जाता जाता डबा द्यायला आली.
"काय बघायलास इतकं वाकून?"
मी बाजूला झालो.
तिनं चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला.
बराच वेळ.
बाळंतपणाच्या खोलीत आयुष्य गेलेली बाई,
मला वाटलं हसेल.

"चार दिसायलेत कडेला," ती म्हणाली.
"मधलं रिकामंय.
एक झालं होतं म्हणतोस, ते कुठं गेलं मग?"

मला सांगता आलं नाही.
"भाकरी वाळायच्या आत खा," म्हणाली, आणि गेली.
मी काचपट्टी नळाखाली धरली.
निळं पाणी जात राहिलं.