दोन दिवस पांढरं

तस्नीम मॅडमनी माझ्या ओठाशी पट्टी धरली,
सोळा खोटे दात, ओळीनं, प्रत्येकाला नंबर.
फॉल लावायला गेलं की दुकानदार
साडीशी रिळं धरून बघतो, तसं.
"सी-चार," म्हणाल्या.
आवाजात कीव नव्हती, म्हणून बसून राहिले.

सी-चार.
आमच्याकडं ह्याला हापशाचं पाणी म्हणतात.
आठव्या वर्षी नवे दात आले की
ते पाणी त्यांच्यावर तपकिरी रेघा मारायचं,
फूटपट्टी न घेता आखलेली वही.
शाळेच्या फोटोत आम्ही सगळ्या जणी तोंड मिटून.
फोटोवाला म्हणाला, फार शिस्तीचं गाव.
चौदा एप्रिलला पांढऱ्या साड्या नेसून
माय, मावश्या, मी, रांगेत:
पांढरं सगळं, ओठांच्या बाहेर.

एकोणीस वर्षं झाली.
नांदेड–किनवट, किनवट–नांदेड.
छातीवर पितळी बिल्ला, खिशावर प्र. दे. मुनेश्वर, वाहक.
सुटे द्या. पुढं सरका. पायरीवर थांबू नका.
एवढं बोलायला दात दाखवावे लागत नाहीत.
हसायला लागतात,
तर ते मी नाही केलं.
"खडूस बाई" असं एका सीटच्या पाठीवर
कर्कटकानं कोरलेलं मी वाचलंय.
अक्षर चांगलं होतं.

गालांत प्लास्टिकची चौकट, हिरड्यांवर लेप,
डोळ्यांवर नारंगी चष्मा आणि निळा उजेड.
पंधरा मिनिटं. थांबा. परत पंधरा.
तोंड एवढं उघडं आणि एक शब्द काढता येईना,
माझ्या प्रवाशांनी बघायला पाहिजे होतं.
मधेच एक कळ गेली
थेट कानामागं, सुईच्या नेढ्यातून जावी इतकी बारीक.
मॅडमनी आधीच सांगितलेलं:
पिवळेपणा जाईल. रेघा फिकटतील, जाणार नाहीत.
त्या दातावर नाहीत, दातात आहेत.
म्हटलं, माहीत आहे. तरी करा.
नऊ हजार. ओव्हरटाइमचे.

मग कागद दिला:
दोन दिवस चहा नाही, बीट नाही, लोणचं नाही,
हळद तर अजिबात नाही.
आणि दुसऱ्या दिवशी भोकरला अश्लेषाची हळद!
सगळा मांडव पिवळा,
मी कोपऱ्यात बिनफोडणीचा दहीभात घेऊन.
बहीण म्हणाली, "हे कसलं गं व्रत?
देव तरी कोणता?"
तेवढ्यात पोरींनी मला गाठलंच,
गाल, कपाळ, हनुवटी, दोन्ही हातांनी.
मी ओठ गच्च आवळून घेतले,
नऊ हजारांवर कडी-कोयंडा.
नेमका तेव्हाच फोटो निघाला.
आता तो फ्रेम होऊन आलाय,
मी, शिस्तीच्या गावची.

तिसऱ्या दिवशी ड्युटी.
हिमायतनगरला एक म्हातारी चढली,
मांडीवर गाठोडं, आणि खिडकीतून आत आलेल्या
कुठल्याशा वाऱ्यालाच हसत होती, मोकळं, सगळे दात.
त्याच रेघा.
एरवी मी नजर वळवली असती. त्या दिवशी विचारलं,
"कुठल्या हो, मावशी?"
तिनं गाव सांगितलं. मी म्हटलं, मीपण तिथलीच.
तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.
पटेना तिला.
"खोटं कामून बोलूलालीस माय," म्हणाली,
"आमच्याकडच्या बायका अशा नसतात."

गाडी उभीच होती. मागून कुणीतरी तिकीट मागत होतं.
मी वाकले, खालचा ओठ बोटानं ओढून धरला.
तिनं डोळे बारीक केले,
खिडकीकडं माझी हनुवटी वळवली,
तस्नीम मॅडम वळवतात तशीच.
तिथं होती,
खालच्या दोन दातांवर, फिकट, तिरकी.
"हौ," म्हणाली. "हापशाचीच हाईस.
देवरावची का तू?"

सुटे नव्हते तिच्याकडं.
म्हटलं, राहू द्या, उतरताना बघू.