डांगराला शांतता

खोक्यावर छापलेलं तीस तास.
लिंबाजी जोगदंडांच्या हिशोबानं अकरा.
"फसवलं, ताई," ते ओरडले.
ओरडले म्हणजे बोलले,
रोलिंग मिलमध्ये सव्वीस वर्षं काढलेला माणूस
चहा सांगतो तोही गल्लीला ऐकू जातो.

माझं दुकान जुन्या जालन्यात, पुलाच्या अलीकडं,
सहा बाय आठ, टेबलाला एक भिंग,
आणि एवढा महागाचा हेडफोन
माझ्या हातात पहिल्यांदाच आलेला.
जावयानं नवा घेतला, जुना सासऱ्याला दिला.
गाणी नाहीत ऐकत ते.
नुसतं बटण दाबतात,
की पंख्याची, रिक्षांची, पिठाच्या गिरणीची घरघर
पातेल्यावर झाकण ठेवावं तशी
खाली जाते.
"गाणंच नाही, तर बॅटरी कशाला खाऊ राहिला हा?"

कसं सांगावं.
बाहेरच्या अंगाला चार माईक कान टवकारून बसलेत,
येईल त्या लाटेसाठी आत एक उलटी लाट घडते,
खड्ड्याला उंचवटा, उंचवट्याला खड्डा,
बरोबर तेवढाच, बरोबर तेव्हाच.
शांतता आयती नसते, काका,
ती करत राहावी लागते,
तव्यावरच्या भाकरीसारखी,
जेवणारा उठेपर्यंत.

गादी काढली. चार स्क्रू.
सेल फुगलेला नाही, तारा चोख.
मीटर लावला: चालू असताना बावीस मिलिअँपिअर.
कानावरून काढून ठेवला
आणि आकडा उतरत उतरत
जवळजवळ शून्याला टेकला.
म्हणजे कुणीतरी, कुठंतरी दूर,
याची झोप फार जपून रचलेली:
कान लांब गेला, तर गाणं थांबव.
पाच मिनिटं काही नाही, तर माईक मीट.
पंधरा मिनिटं काही नाही, तर स्वतः मीट.
एवढासा एक भाग तेवढा जागा ठेव,
आखाड्यावरचं कुत्रं झोपतं तसं,
एक कान उभा.

यात बिघाड कुठंच नव्हता.
"रात्री कुठं ठेवता?"
"डांगरावर."

म्हणाले असे, की जग डांगरावरच ठेवतं.
घरी फळीवर एक डांगर आहे, डोक्याएवढं.
खिळ्याला टांगला तर पट्टी वाकडी होईल,
म्हणून रोज निजताना
त्याला नीट घालतात,
डावं डावीकडं, उजवं उजवीकडं.

आणि आतल्या त्या काळ्या ठिपक्याला
कान दिसत नाही,
काहीतरी टेकलंय एवढंच कळतं.
साल काय, कातडी काय.
रोज रात्री तो सकाळपर्यंत जागा,
लिंबाजींच्या घोरण्यापासून
एका डांगराला वाचवत.

मी हसले. त्यांना जरा वेळ लागला.
मग म्हणाले, "भाजीच करून टाकतो त्याची."

सांगितलं, उताणा ठेवत जा, सपाट.
पत्र्याखाली उन्हात नको.
ऐंशी झाले की चार्जर काढा,
शंभरवर ताटकळत ठेवला
की सेल लवकर म्हातारा होतो.
"भट्टीचं असं नव्हतं," ते म्हणाले.
"एकदा पेटली की निवू द्यायची नाही.
माणसं बदलायची."
मग कानाजवळ बोट फिरवलं.
"अजून वाजती इथं.
हे घातलं की बाहेरचं जातं,
अन् ती मोठी होती."

"मग घालता कशाला?"

उत्तर द्यायच्या आधी
चालतोय का बघायला त्यांनी तो चढवला,
बटण दाबलं,
आणि तेवढ्यात लाइट गेली.
शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं जनरेटर धडधडलं,
शटर थरथरलं, स्क्रूची वाटी सरकत काठाला आली.
त्यांना पत्ताच नाही.
ते बोलत होते.
इतक्या वर्षांनी हळू,
देवघरात बोलावं तसं,
ओठ सावकाश, मध्ये एकदा थांबून, परत.

मी काउंटरवरून निम्मी बाहेर वाकले.
धूर, धडधड,
आणि एका म्हाताऱ्याचे हलणारे ओठ.

मी मान हलवली.
पन्नासची नोट भिंगाखाली ठेवून
ते गेले.
त्यांना वाटलं,
मला ऐकू आलं.