सोबत काठी जोडली आहे

आंबेगावच्या वरच्या अंगाला, डांबर संपून
टँकरची चाकोरी सुरू होते,
तिथं मी ऑक्टोबरात गेलो, पाहणीला.
फायलीत म्हटलं होतं : उतार सौम्य.
गाडी पहिल्या गिअरवरही धापा टाकत होती.

ओस्तवालांचा माणूस शहाळं घेऊन पुढं आला.
नको म्हटलं. मग पाण्याची बाटली. तीही नको म्हटली,
आणि अर्ध्या तासानं मागून घेतली.

डोंगर आडवा कापलेला. मुरूम उघडा,
खरवडल्या गुडघ्यासारखा.
पायथ्याशी वाळूची पोती, एकावर एक, टापटीप.
मी एक पोतं पायानं सरकवलं.
खालचं गवत हिरवंगार.
"कालपरवाच बदलली, साहेब."
जुनी कुठंयत, ते विचारलं नाही.
एकवीस वर्षांच्या नोकरीत माणूस
प्रश्न मोजून वापरायला शिकतो.

मैलापाणी शुद्धीकरणाची खोली मात्र सुरेख.
पोपटी रंग, पाटी, पाटीला वाळका झेंडूचा हार,
पंपावर हळदकुंकवाची बोटं.
मीटर पाहिला. तीन युनिट.
पहिल्या टप्प्यातली बावन्न बिऱ्हाडं, आठ महिने,
तीन युनिट.
पूजेच्या दिवशी कळ दाबली असणार,
टाळ्या संपेस्तोवर.

मागं ओढा.
नकाशात तो निळा, बारीक, आज्ञाधारक.
इथं त्याच्या तोंडाला फेस
आणि पोटात एवढा लाल गाळ
की दगड कुठले होते ते त्यालाही आठवू नये.

तिथं तिपण्णा भेटला. रखवालदार, यादगीरकडचा.
पत्र्याची खोली, रंगाच्या डब्यात ओव्याचं झाड,
आणि दाराशी रोवलेली बाभळीची काठी,
तिच्यावर कोयत्याच्या खाचा.
"हे जूनचं. हे त्याच्या नंतरचं.
हे त्या रात्रीचं, बायको पोरीला घेऊन
टाकीवर बसली होती बघा, तेव्हाचं."
चिखल दाराला कुठवर चढला, त्याची नोंद.
वरची खाच बरोबर पोरीच्या हनुवटीला.
तिनं स्वतः उभं राहून दाखवलं.

आमच्या खात्याकडं गाळ मोजायचं साधन नाही.
मी काठी मागितली.
त्यानं ती उपटली, बूड पुसलं आणि दिली.

त्रुटी क्रमांक चार, मी लिहिलं :
जागेवर मातीची धूप रोखण्याची व्यवस्था
आढळून आली नाही. सोबत काठी जोडली आहे.
आवक-जावकच्या निमकर बाई म्हणाल्या,
"हिला पान नंबर कुठं टाकू?"
त्या थट्टा करत नव्हत्या.

फाईल वर गेली. फाईल खाली आली.
ना हरकत, अटीस अधीन राहून.
अट : पावसाळ्यापूर्वी पूर्तता करावी.
कुठल्या, ते लिहिलेलं नाही.
खालच्या बाजूला तीन सह्या. मधली माझी.
शाई जरा फिकी आहे एवढंच,
पेन संपत आलं होतं.

काठी राहिली कपाटाशी.
खिलारे मामा तिनं वरची झडप ढकलतात.
ढकलली की खाचांतून लाल भुगा पडतो
खालच्या गठ्ठ्यांवर, नव्या अर्जांवर,
कुणाच्या तरी जोत्याच्या दाखल्यावर.
मी फुंकर मारतो. तो शेजारच्या टेबलावर जातो.

मार्चात तिपण्णाचा फोन आला.
वाटलं, काठी मागेल. मी मनात कारण जुळवू लागलो.
"राहू दे साहेब तिथंच ती. नवीन तोडलीय.
वरची खाच बुडापासनं किती, तेवढं सांगा.
पोरीच्या हनुवटीवरनं घेतलं असतं,
पण ती वाढली आता."

ड्रॉवरात पट्टी सापडली, तीस सेंटिमीटरची, टोक तुटलेली.
दोनदा लावावी लागली.
फोन खांद्यात धरून मी आकडा सांगितला.
पलीकडं कोयत्याचा एक घाव ऐकू आला,
मग, थांबून, आणखी एक.