खोक्याखालची रात्र

मेरिसेल कायमची मनिलाला निघाली तेव्हा
इस्त्री दिली लिसीअम्माला,
टेबलफॅन हारिसला, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराला,
आणि मला ही कुंडी.
"ख्रिसमस कॅक्टस आहे, सिस्टर.
मरत नाही. फुलतही नाही."

कॅक्टस म्हटल्यावर मी सरळ गच्चीत नेऊन ठेवला.
फहाहीलचं मे महिन्याचं ऊन,
म्हटलं, याला माहेरच वाटेल.
दोन दिवसांत तांबूस पडला,
धुणं धुतलेल्या बोटांसारखा सुरकुतला.
मग कळलं, हा वाळवंटाचा नव्हेच.
कुठल्याशा धुक्याच्या डोंगरात
झाडांच्या बेचक्यात राहणारा, सावलीतला,
निवडुंग तो नुसता नावापुरता.
मलाही इथे सगळे बॉम्बेची सिस्टर म्हणतात.
राहुरी म्हटलं की विचारतात,
बॉम्बेत कुठे आलं?

नळाचं पाणी नको याला.
टाकीत तापलेलं, चहा टाकावा इतकं ऊन.
एसीच्या नळीखाली बादली लावली,
खोलीतल्या चौघींचे श्वास
थेंब थेंब गळून जमतात, ते पाणी.
मातीत बोट खुपसायचं पहिल्या पेरापर्यंत,
कोरडं लागलं तरच घालायचं,
बशीत उतरलेलं लगेच ओतायचं.
वॉर्डातल्यासारखी वहीत नोंद:
इतकं दिलं, इतकं निघालं.

तीन वर्षं फूल नाही.
चौथ्या वर्षी उमजलं,
आमच्या खिडकीत रात्र येतच नाही.
समोर बकाल्याची हिरवी पाटी,
मागे रिफायनरीची ज्योत,
बंद करायची राहून गेलेल्या शेगडीसारखी
बारा महिने.
याला तर हवा सलग काळोख,
चौदा तास, सहा आठवडे,
मधे कुणी दिवा लावला की वाया.

दूध पावडरचं खोकं आणलं,
फटींना वॉर्डातली टेप.
संध्याकाळी पाचला झाकायचं, ड्यूटीची बस यायच्या आत.
सकाळी सातला येऊन उघडायचं.
त्याचं खोकं काढलं की
मी माझ्या पलंगाचा पडदा ओढायचे.
एकजण आत, एकजण बाहेर,
असं चाललं आमचं.

नोव्हेंबरात टोकांना काहीतरी लालसर.
आधी वाटलं, कीड.
चष्मा लावून पाहिलं, तांदळाच्या कणीएवढ्या
कळ्या. सतरा.
मोजल्या, झोपले,
उठून पुन्हा मोजल्या.

आराधना फोनवर म्हणाली,
मम्मी, नीट दिसत नाही, फिरव ना.
फिरवली मी कुंडी.
उचलून दिव्याखाली धरली,
ही बघ, आणि ही मागची.
चार दिवसांत बारा कळ्या बशीत.

कळी धरल्यावर हलवायचं नसतं.
अठरा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात
हेच सांगत आले,
बाई, हलू नका, पडून राहा.

लेकीला बोलले नाही.
तिने विचारलं तेव्हा म्हटलं,
झोपलंय खोक्यात.

नाताळ गेला.
केक ड्यूटीरूममध्ये खाल्ला, स्टेपलरशेजारी, उभ्याने.
खोक्याची गरज कधीच संपली होती,
मी आपली सवयीने झाकत होते.

सहा जानेवारीला सकाळी खोकं उचललं
तर भिंतीकडच्या अंगाला,
जिथे माझी नजर पोचत नाही तिथे,
दोन उमललेली.
गुलाबी, पाकळ्या मागे फेकलेल्या,
एका फुलाच्या तोंडातून दुसरं
घाईघाईने निघाल्यासारखं.
लिसीअम्मा उठली, तिने दिवा नाही लावला.
चौघी उभ्या राहिलो, दात न घासलेल्या.

फोन लावला. तिकडे वेणी चालली होती.
कुंडीला बोट लावलं नाही या वेळी.
मीच गुडघ्यांवर बसले, युनिफॉर्मसकट,
कपाट आणि भिंतीच्या मधे खांदा घातला,
आणि हात लांबवून फोन आत सरकवला.

मम्मी, हे तर उलटं दिसतंय.

मग मान वाकडी कर, म्हटलं.