चेहऱ्यावर दाखवायचं नाही

निघण्याआधी तिला बजावलं,
चपलेचा पट्टा लावता लावता :
आवडली तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही.
दुकानदार किंमत वाचतो ती
चिठ्ठीवरची नाही, आपल्या तोंडावरची.

ऋजुता "बरं" म्हणाली.
तेरावं वर्ष. हल्ली सगळ्यालाच तिचं "बरं" असतं.

सियागंजात शब्बीरभाईंचं दुकान.
छताला उलटी टांगलेली चाकं,
खाली ग्रीसचा, नव्या रबराचा वास,
आणि सोनेरी काठाच्या टोपीखाली
चहा बशीत ओतून पिणारे ते.
"आओ बेन, देखने का पैसा नहीं."

पर्समध्ये सात हजार दोनशे होते.
दहावीच्या चारशे ऐंशी उत्तरपत्रिका,
पंधरा रुपयाला एक,
एप्रिलभर कूलरसमोर बसून,
उडणारी पानं कोपराने दाबत.

ती कोपऱ्यात उभी होती.
पुढे वेताची वाटावी अशी प्लास्टिकची टोपली.
"आठ हजार चारशे."

मी हसले. सुरुवात हसूनच करायची असते.
म्हटलं, सायकलचा भाव सांगा, स्कूटरचा नको.
मग ब्रेक दाबले. कुरकुरले नाहीत,
तरी कुरकुरतात म्हणाले.
रंग काय हा, शेवाळ्यासारखा, म्हणाले.
टोपलीत कोथिंबिरीची जुडीसुद्धा मावायची नाही.
(खोटं. दोन जुड्या आणि वर एक फ्लॉवर.)

"चलो, आठ."

आठ आणि माझ्या पर्सच्या मध्ये
त्रेपन्न पोरांचा पायथागोरस होता,
आणि तो मी पुन्हा तपासणार नव्हते.

हे मला आईने शिकवलं, साड्यांच्या दुकानात, गादीवर बसून :
आवडलेल्या साडीवर हात ठेवायचा नाही,
तिच्या शेजारच्या साडीवर ठेवायचा.
मी त्यात इतकी तयार झाले
की पुढे बऱ्याच गोष्टी
शेजारच्याच घरी आणल्या.

असो. मी उठले.
"राहू द्या," म्हणत पायरी उतरले.
ऋजुताही उतरली.
मला वाटलं होतं ती एकदा तरी मागे बघेल,
मला तिचं मनगट धरून ठेवावं लागेल.
नाही बघितलं.
समोरच्या दुकानातल्या बादल्या मोजत
चालत राहिली.

"बेन! अरे बेन! सात-पाच!"
सात-दोन, मी न वळता म्हणाले.
आणि स्टँड. आणि कुलूप.
त्यांनी कपाळावर हात मारला,
पण बिलबुक उघडलं होतं.
"घंटी बच्ची को मेरी तरफ से."
मग सहज, पेनचं टोपण काढत,
"पसंद तो है न इसको?"

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.
शटर पाडलेलं दुकान असतं तसा चेहरा.
"ठीक है," ती म्हणाली.

क्षणभर मला अभिमान वाटला.
खरंच वाटला.
मग शब्बीरभाईंचं पेन थांबलं.
"दूसरी दिखाऊं, बेटा?"
त्यांनी हे इतक्या हळू विचारलं,
जणू सौदा कधीचा संपला होता
आणि मीच एकटी अजून भाव करत होते.

ती नको म्हणाली.
मी नोटा मोजल्या. बाराशे रुपये वाचले होते,
म्हणजे ऐंशी पेपर. आनंद कुठे ठेवावा कळेना.

घरी येताना ती बसलीच नाही सायकलवर.
हँडल धरून चालवत नेली,
हातगाड्या, पोती, एक बसकण मारलेली गाय,
सगळ्यांमधून,
एखाद्या आजारी माणसाला नेतात तशी.

रामबागेच्या वळणावर थांबली.
आता मात्र मागे पाहिलं, नीट,
दुकान खूप मागे राहिलंय ना म्हणून.
"आई, आता आवडली तर चालेल?"

माझं उत्तर जुळेपर्यंत
घंटी तीनदा वाजून गेली,
आणि ती, सीट जरा उंच असल्यामुळे
डावीउजवीकडे झुलत,
गल्लीच्या टोकाला.

बिल माझ्या मुठीत चुरगळलं होतं.
सरळ केलं. रंगाच्या रकान्यात
शब्बीरभाईंनी लिहिलं होतं, मोरपंखी.