धोटा पिक्चर्स

कंपनीचं नाव आधीच ठरलेलं.
टीव्हीवर शोभेला ठेवलेला वडलांचा धोटा दाखवून
भूदेवी म्हणाली,
जन्मभर इकडून तिकडं, तिकडून इकडं,
आणि पोचला कुठंच नाही.
सिनेमावाल्यांना बरं आहे हे नाव.

नोंदणीला दोन डायरेक्टर लागतात, सीए म्हणाला.
एक ती. दुसरी तिची अम्मा, नरसव्वा येमूल,
राहणार विडी घरकुल,
व्यवसाय रोजच्या हजार विड्या.
मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा.
खोबरेल चोळून ठेवला. लाल दिवा.
चाळीस वर्षं पानं वळता वळता
बोटांवरच्या रेघा कधी गेल्या
कुणाच्या ध्यानातच आलं नाही.
सरकारला त्या अंगठ्यामागं बाई सापडेना.
सीएनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.
मी नुसता चहा घेऊन आलो होतो.

असा मी डायरेक्टर झालो.
कंपनीचा. सिनेमाची ती.
तोवर लग्नांची शूटिंग करायचो,
कॉम्प्युटरमधून नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या सोडायचो.
घरी अजून विचारतात,
इरेश, डायरेक्टरला पगार किती असतो रे?

ऑफिस साखर पेठेत, दुसरा मजला.
खाली इलय्यांचे बारा माग, टॉवेलचे.
वर भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप हलतं,
चहाच्या कपात सारखी गोल गोल वलयं.
पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेव्हा स्क्रिप्ट बाजूला, घागरी आधी.
आवाज घ्यायचा तर मागांच्या सुट्टीला
नाहीतर लाइट गेल्यावर.
शहर शिव्या घालायचं,
आणि ती जिन्यावरून ओरडायची,
पळ बे, शांतता आली!

अकरा महिने. त्रेचाळीस मिनिटं.
त्यात अम्माचा फंड, माझा विकलेला ड्रोन,
आणि इलय्यांनी सात महिने न मागितलेलं भाडं
(ते पडद्यावर कुठं दिसत नाही,
मी फार शोधलं).

मग मेल यायला लागले.
आपला चित्रपट आम्हाला आवडला, परंतु.
तेरा ठिकाणांहून तेरा परंतु.
भूदेवी दोन दिवस फिरकली नाही.
तिसऱ्या दिवशी घरकुलात गेलो
तर ती भिंतीकडं तोंड करून झोपलेली
आणि अम्माचा हात सुपात चालूच.
मान वर न करता म्हणाली,
माझ्या हजारातल्या पन्नास छाट काढतो चेकर.
ही ढिली, हिचं तोंड नीट नाही.
पण फेकत नाही हां.
खिशात टाकतो.
संध्याकाळी त्या कोण ओढतं,
विचार की एकदा त्याला.

मागांच्या सुट्टीदिवशी
इलय्यांनी कुठूनसा कोरा तागा आणला,
गल्लीत दोन खांबांना ताणून बांधला.
जागा पुरेना म्हणून अर्धी गल्ली पडद्यामागं बसली.
तिकडं सगळंच उलटं:
डाव्या हातानं विड्या वळणाऱ्या बाया,
उजवीकडून सुरू होणारी आमची नावं.
अम्माही तिकडंच.
इकडं ये म्हटलं तर म्हणाली,
मला वाचता येत नाही,
मला काय उलटं नि काय सुलटं.

एकविसाव्या मिनिटाला लाइट गेली.

वर्षभर जिची वाट बघत होतो
तीच शांतता, आता काय करायची तिचं?
सवयीनं रेकॉर्डर चालू केला मी.
कुणीतरी डास मारला.
कुणाचं पोर रडून थांबलं.
शेंगा फोडल्याचा आवाज, लांबून, एकसारखा.
भूदेवी प्रोजेक्टरवर हात ठेवून उभी,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

कापडापलीकडून अम्माचा आवाज आला,
मग त्या पोरीचं पुढं काय झालं?

भूदेवी गप्प राहिली.
इकडून इलय्याच सांगायला लागले,
रंगात येऊन,
सगळं चुकीचं.