अनुक्रमांक त्रेचाळीस

वकीलबाई शिकागोहून आल्या.
म्हणाल्या, दिवाळं म्हणजे शेवट नव्हे, मिस्टर स्टकी,
दिवाळं हे हत्यार आहे, धरता आलं पाहिजे.
व्हर्लिन खिडकीतून अंगणात बघत होता.
झाडूच्या गवताचे भारे, मेक्सिकोहून आलेले,
उतरवून घेतलेले,
पैसे न दिलेले.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं.
एकतीस वर्षं ही खतावणी मीच लिहितेय,
कुणाचं किती, कधीपासून, मला तोंडपाठ.
सगळ्यात वर बँक. तिच्याकडे गहाण
यंत्रं, जमीन, पत्र्याचं छप्पर,
अजून न बांधलेले झाडूसुद्धा.
खाली बाकीचे, ज्यांनी तारण म्हणून
नुसता शब्द घेतला होता.
तारवाला. रंगवाला. डबे पुरवणाऱ्या दोघी बहिणी.
अनुक्रमांक त्रेचाळीस:
डेल फ्रिट्स, लाकडी दांडे,
अठरा हजार सहाशे चाळीस डॉलर.
माझा धाकटा भाऊ.
ट्रक रिकामा करायचा, काचेवर टकटक करायचा,
लिहून ठेव, ऑर्फा, म्हणायचा
आणि पावती न घेता जायचा.

अर्ज दाखल झाला मंगळवारी, चार वाजून दहा मिनिटांनी.
सव्वाचारला फोन गप्प झाला.
आठ महिने ठणाणा करणारा फोन.
आता वसुलीसाठी कुणी हूं की चूं करायचं नाही,
कायदाच तसा.
मी रिसीव्हर उचलून कानाला लावला.
चालू होता.

स्प्रिंगफील्डच्या कोर्टात व्हर्लिनने हात वर केला.
शपथेसाठी.
खरं सांगेन म्हणाला, आणि खरंच सांगितलं,
त्यात खोटं काही नव्हतंच.
डेल मागच्या बाकावर, टोपी मांडीवर.
कुणाची हरकत? न्यायाधीशांनी विचारलं.
हीटरचा आवाज तेवढा येत राहिला.

डॉलरला सात सेंट.
एक हजार तीनशे चार डॉलर, वर ऐंशी सेंट.
चेक मीच टाइप केला.
पाकिटावर पत्ता घालायची गरज नव्हती,
तरी घातला.

डाव यशस्वी झाला, हे मान्य करायला हवं.
बासष्ट माणसं पगार घेतात, त्यातली मी एक.
दुसऱ्या पाळीला पुन्हा दिवे लागतात.
दांडे आता फायबरचे येतात, ओहायोहून, रोखीने.
व्हर्लिन चर्चमध्ये परत पुढच्या रांगेत बसतो,
पण गाताना पुस्तकातून डोकं वर काढत नाही.

डेलने लेथ विकलं, मग शेड.
मागच्या रविवारी जेवायला आला होता.
ओसरीतला माझा झाडू उचलला,
दांडा खुळखुळत होता.
खिशातून चाकू काढून पाचर तासली,
ठोकली, हलवून पाहिली, पुन्हा ठोकली.
किती झाले? मी विचारलं. थट्टेनंच.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
लिहून ठेव, म्हणाला.

मी आत गेले.
बराच वेळ पेन शोधत राहिले.